शाबितीचे ओझे

वकिलाने जुनी विलायती मोटार बाळगू नये, असे माझे एक वडीलधारे व्यवसायबंधू म्हणत असत. त्यांचे ऐकले असते तर हे लिहिण्याची पाळी आली नसती. चार वर्षांपूर्वी, एका आप्ताने सहा वर्षे वापरलेली जर्मन बनावटीची मोटार मी विकत घेतली. ती पडली एखाद्या नव्या साध्या गाडीच्या भावात. खर्चाच्या सवयी मात्र तिने जुन्या घरच्याच ठेवल्या.

गेल्या मार्गशीर्षात आईला कवळ्याला शांतादुर्गेच्या दर्शनाला नेत होतो. बेळगावाहून गोव्यात उतरायचे तर मी चोर्ल्याचा घाट धरतो. अर्धा घाट उतरलो असेन, तोच ब्रेकचे पॅड झिजल्याची सूचना देणारा दिवा समोर लागला, आणि पाठोपाठ काहीतरी करपल्याचा वास आला. मागच्या आसनावरून आईने विचारले, "कसला रे वास हा?"

"पुढच्या ट्रकचा असेल," मी म्हणालो.

पुढे ट्रक नव्हता. मी खालचा गिअर घातला आणि उरलेला घाट इंजिनाच्या धाकावर, जीव मुठीत धरून उतरलो. देवीपुढे आईने काय मागितले ते मला ठाऊक नाही. मी काय मागितले ते सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याची गोव्यातील कार्यशाळा गाठली. काचेचे दालन, गार हवा, न मागता आलेली कॉफी. पाटीएवढा संगणक हाती घेतलेल्या एका तरुणाने सांगितले, चारही चाकांचे पॅड, चारही डिस्क, शिवाय ब्रेक ऑइल. एकूण १,३८,००० रुपये. मी चाचरलो, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, "सर, शेवटी सुरक्षिततेचा प्रश्न आहे." या वाक्याला प्रतिवाद नसतो. दिवा लागल्यावरही पॅडची थोडी जाडी शिल्लक असते, एवढे त्याच्याकडून वदवून घेऊन मी निघालो. आईला आणि पत्नीला मात्र कदंबच्या बसने बेळगावला पाठवले. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर हा माझा स्वतःविरुद्धचा कबुलीजबाब होता.

परतीला घाट चढणीचा. ब्रेकचे काम थोडे, विचाराला सवड पुष्कळ. मोटार अपघातांच्या दाव्यांत मी गेली वीस वर्षे उभा राहत आलो आहे. "ब्रेक लागलाच नाही, साहेब," हा बचाव मी किती वेळा ऐकला असेल याची गणती नाही. त्याविषयी कायदा स्पष्ट आहे. मिनू मेहता यांच्या प्रकरणात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, यांत्रिक दोषामुळे अपघात घडला असे म्हणणाऱ्या मालकानेच ते शाबीत केले पाहिजे. सर्व वाजवी काळजी घेऊनही दोष दडून राहिला, हे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर आहे. म्हणून माझा प्रश्न ठरलेला असतो: "ब्रेक शेवटचे केव्हा तपासले होते?" या प्रश्नानंतर न्यायालयात जी शांतता पसरते, तिचा मी पुष्कळदा मनातल्या मनात आस्वाद घेतला आहे. त्या दिवशी पिंजऱ्यात मीच उभा होतो, आणि उत्तर मला ठाऊक नव्हते.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. विक्रेता की बाहेरचा कारागीर, असा खल मी वाटभर केला. पण त्यात ब्रेकचा विचार नव्हताच. १,३८,००० रुपये मोजून मला हवा होता तो शिक्क्याचा कागद. उद्या काही घडलेच तर बोट दाखवायला कोणीतरी असावे, एवढाच त्याचा उपयोग. आणि बाहेरच्या कारागिराचा मोह होता तो निव्वळ पैशाचा. दोन्ही विचारांत मागच्या आसनावर बसलेली आई कोठेच नव्हती.

बेळगावच्या उद्यमबागेत एक मेस्त्री आहेत. त्यांच्या शेडमध्ये कॉफी मिळत नाही. बसायला एक उलटा डबा मिळतो. मी दोन दरांची तुलना सुरू केली तेव्हा ते म्हणाले, "भाव नंतर, वकीलसाहेब. आधी मोजूया." त्यांनी चाके उतरवली आणि मायक्रोमीटर माझ्याच हाती दिला. डिस्क किती झिजू द्यायची याची मर्यादा तिच्या अंगावरच कोरलेली असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. पुढच्या दोन्ही डिस्क त्या मर्यादेखाली गेल्या होत्या. मागच्या दोन्ही अजून शाबूत होत्या. पॅड मात्र चारही चाकांचे बदलायला हवे होते.

मग त्यांनी ब्रेक ऑइलमध्ये ओलावा मोजण्याची कांडी बुडवली. हे तेल हवेतले पाणी शोषून घेते. लांब उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळते, त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. "दोन वर्षांनी बदलायचे असते," मेस्त्री म्हणाले, "तुम्ही कधी बदलले?" तोच प्रश्न! आवाज मात्र माझ्यासारखा नव्हता. त्यात जिंकण्याची इच्छा नव्हती.

पुढचे काम आणि तेल त्यांनी ५६,००० रुपयांत करून दिले. भाग मूळ कंपनीचेच. मागच्या चाकांना मात्र हात लावला नाही. त्या ब्रेकमध्ये विजेवर चालणारा हातब्रेक असतो. तो संगणकाने मागे घ्यावा लागतो, आणि त्यांच्याजवळचे यंत्र या गाडीशी बोलत नव्हते. "जबरदस्ती केली तर मोडेल. मागचे कंपनीतच करा." गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार मी फारसा पाहिलेला नाही.

सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने बाहेरच्या कारागिरांनाही मिळाली पाहिजेत, आणि बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने गाडीची हमी सरसकट रद्द करता येणार नाही, असे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार उत्पादकांविरुद्धच्या निकालात म्हटले. तो निकाल मी पूर्वी वाचला होता. त्याचा अर्थ मला त्या उलट्या डब्यावर बसल्यावर कळला.

पुढल्या आठवड्यात पुन्हा गोव्याची कार्यशाळा गाठली. त्याच तरुणाला म्हटले, मागच्या डिस्क माझ्यासमोर मोजा. तो क्षणभर घोटाळला. मग मला आत घेऊन गेला. तेथे काळवंडलेल्या हातांच्या एका वयस्क कारागिराने माप घेतले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "तुमी म्हणटात तें खरें." मागचे नुसते पॅड बदलले, २४,००० रुपये झाले. काचेच्या दालनाआडही मेस्त्री असतोच. तेथवर जाऊन विचारायचे असते, एवढेच. दोन्ही ठिकाणचे मिळून ८०,००० झाले. वाचलेल्या रकमेचे मला समाधान आहे, हे नाकारून मी खोटी साक्ष देणार नाही. पण आता मोटारीच्या कप्प्यात एक वही असते. तारीख, जाडी, तेल, अशा चार नोंदी माझ्याच अक्षरात तीत असतात. कोणत्याही दुकानाचा शिक्का तीवर नाही.

परवा एका टेंपोचालकाची उलटतपासणी होती. ब्रेक शेवटचे केव्हा तपासले, हा प्रश्न मी विचारलाच; तो माझा धर्म आहे. पण नेहमीचा सूर लागला नाही. तो माणूस खाली मान घालून गप्प उभा राहिला. आईने घाटात विचारले तेव्हा मी निदान ट्रकचे नाव घेतले होते.