खोक्यातली आगगाडी

आमच्या नातेपुत्याला आगगाडी नाही. आषाढीला माउलींची पालखी येते, एस.टी. रोज येते, आगगाडी मात्र २०१९ साली लोणंदहून फलटणपर्यंत आली आणि तिथंच दम खात बसली. अशा गावात कुणी आपली पुंजी आगगाडीत गुंतवील, असं तुम्हांला वाटेल का? आमच्या हेडकॅशियर अण्णांनी गुंतवली.

गाडी जुनी, जर्मन, मेर्कलिन कंपनीची. पत्र्याची आणि चावीची. किंमत ऐकून मी शून्यं दोनदा मोजली. मोजण्याचीच नोकरी असल्यामुळे ती दोन्ही वेळा तेवढीच भरली.

"अण्णा, एफ.डी. मोडलीत?"

"मोडली नाही हो, रुळावर आणली!"

मग डबा खाता खाता त्यांनी मला या धंद्याचं शास्त्र सांगितलं. मेर्कलिन १८५९ सालची, इंग्लंडच्या हॉर्नबीच्या गाड्या १९२० पासूनच्या. गाडीला मूळ खोकं हवं, मूळ रंग हवा. हौसेनं नवा रंग दिलात की भाव पडला. आणि मुख्य नियम म्हणजे गाडी खेळलेली नसावी. थोडक्यात, ज्या अभागी पोराला वाढदिवसाची गाडी हातात घेऊ दिली नाही, त्याची गाडी आज सगळ्यांत महाग!

मी पडलो बी.कॉम. वस्तू वापरली की घसारा धरायचा, एवढं आम्हांला शिकवलेलं. पण न वापरल्यानं वाढणाऱ्या या किमतीला गिऱ्हाईक कोण? तर लहानपणी दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहिलेला आणि साठीत हाती पैसा आलेला मुलगा. आता ही मुलं म्हातारी होत चालली, आणि त्यांच्या नातवंडांची नाकं मोबाइलच्या काचेला लागलेली. खुद्द मेर्कलिननं २००९ साली, ऐन दीडशेव्या वर्षी, दिवाळखोरीचा अर्ज केला होता. पुढं कंपनी सावरली, पण आमच्या बँकेत असल्या तारणावर कुणी कर्ज दिलं नसतं.

हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही बार्शी लाइटमध्ये कधी बसलात?"

अडीच फुटी रुळांवरची ती गाडी १८९७ साली बार्शीला गेली, १९०६ साली पंढरपूरला पोचली. लहानपणी अण्णा तिच्यातून कुर्डुवाडीहून पंढरपूरला जात. पुढं रूळ रुंद झाले आणि ती गाडी गेली. जर्मन गाडीचे पैसे अण्णांनी कुठल्या खात्यातून काढले, ते मला तेव्हा कळलं. मी गप्प बसलो.

मे महिन्यात मुलीचा मुलगा पुण्याहून आला. कोथरूडला भाऊ जोशींनी १९९८ साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय त्यानं पाहिलेलं. तिथं गाड्या धावतात आणि लोक तिकीट काढून बघतात. अण्णांच्या कपाटापुढं उभं राहून त्यानं विचारलं, "आजोबा, आपली गाडी आजारी आहे का?"

अण्णांनी मिनिटभर खोक्याकडं पाहिलं, मिनिटभर नातवाकडं. मग चावी दिली. गाडी जेवणाच्या टेबलावर तीन फेऱ्या धावली, चौथ्या फेरीला वळणावर कलंडली आणि इंजिनाचा पोपडा उडाला.

मी डोळे मिटून घेतले. अण्णा मात्र पोराबरोबर टाळ्या पिटत ओरडले, "घसरली! लिहा हो, घसारा लिहा!"