द्वारकेचा चौक आणि कांद्याची वाट

गुजरातेतल्या द्वारकेला समुद्र आहे. आपल्या नाशिकच्या द्वारकेला वाहतो तो मालमोटारींचा लोंढा. मुंबई-आग्रा रस्त्याला पुण्याचा रस्ता या चौकात मिळतो. आग्र्याच्या अंगाने ओझर, पिंपळगाव, चांदवड. पुण्याच्या अंगाने नाशिकरोड, सिन्नर. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या यांनी भरलेल्या गाड्या इथूनच वळतात.

इथे घटकाभर उभे राहिले की कळते, पीक काढणे हे निम्मेच काम. वेळेवर गाडी मिळाली नाही तर कांदा काही दिवस दम धरील. टोमॅटो धरणार नाही.

म्हणूनच अडचणीच्या काळात सरकारला मालासाठी जागा राखून ठेवावी लागते. ब्रिटनने २०२० मध्ये औषधांसारख्या निकडीच्या मालासाठी चार जहाज कंपन्यांच्या बोटींवर आगाऊ जागा घेतली होती. आपल्याकडे बोटीच्या जागी रेल्वे आली. त्याच वर्षी, ७ ऑगस्टला, देशातली पहिली किसान रेल्वे सुटली ती द्वारकेपासून जवळच्या देवळालीहून, थेट बिहारमधल्या दानापूरला. मनमाड, जळगाव, भुसावळलाही ती थांबे. सबंध वाघीण भरण्याची अट नव्हती. थोड्या पेट्या असलेल्यालाही जागा मिळे. ऑक्टोबर २०२० पासून फळे व भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सूट मिळू लागली. ही सूट मात्र मुदतीची होती.

पुढे २०२४ मध्ये दुसरी गाडी निघाली. सरकारने भाव स्थिर ठेवण्यासाठी खरेदी केलेला सुमारे १,६०० टन कांदा नाशिकहून रेल्वेने निघाला आणि २० ऑक्टोबरला दिल्लीच्या किशनगंज स्टेशनात पोहोचला. दिवाळीच्या तोंडावर दिल्लीकरांना कांदा स्वस्त मिळावा, हा हेतू.

शेतकरी बंधुभगिनींनो, रूळ तेच, पण दोन्ही गाड्यांत फरक आहे. पहिलीत माल आपला होता आणि लांबच्या बाजारातला भावही आपल्याला मिळणार होता. दुसरीत माल सरकारचा होता आणि गाडी भाव खाली ठेवण्यासाठी धावली. शहरातल्या गरिबाच्या ताटात कांदा पडावा, यात वावगे नाही. पण अशी जागा राखली जाते तेव्हा ती कोणाच्या मालासाठी, हे आपण विचारलेच पाहिजे.

आणि जागा मिळाली तर ती भरण्याची तयारीही हवी. चार-पाच शेजाऱ्यांनी एकत्र यावे, मालाची प्रतवारी एकसारखी करावी. मोटारीचे आणि रेल्वेचे भाडे ताडून पाहावे. त्यात शेतापासून स्टेशनपर्यंतचा खर्च व हमाली धरायला विसरू नये. माल उतरवून घेणारा व्यापारी आधी पक्का करावा. एकट्याच्या दहा गोण्यांना कोणी विचारत नाही. गावाच्या मालाला विचारावेच लागते.