मुदतीचा साखरपुडा

इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकादंबरीत खोटा साखरपुडा ही जुनी आणि पुनःपुन्हा वापरली गेलेली योजना आहे. दोन माणसे काही व्यावहारिक गरजेपोटी विवाह ठरल्याचे सांगतात, ठरावीक मुदतीनंतर तो मोडायचा असे आपसांत ठरवतात, आणि जे घडायचे ते त्या मुदतीत घडते. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) यांच्या १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कोटिलियन’ या कादंबरीचा सारा डोलारा या योजनेवर उभा आहे. कोटिलियन हा जोडीदार बदलत नाचण्याचा एक सामूहिक नृत्यप्रकार असून कथेतील जोड्याही तशाच बदलत जातात. काळ रीजन्सीचा, म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या आजारपणामुळे युवराज राज्यकारभार पाहत होता तो १८११ ते १८२० चा. इकडे पुण्यात पेशवाईची अखेर झाली तीही याच दशकात. लंडनमधील नाचांची वर्णने वाचताना मराठी वाचकाला ही गोष्ट मध्येच आठवते आणि पुढची दोन-चार पाने नीट वाचू देत नाही.

मॅथ्यू पेनिकुक या कंजूष वृद्धाने अनाथ किटी चेरिंगला वाढवले आहे, आणि आपल्या नातपुतण्यांपैकी कोणाशीही तिने लग्न केले तर सारी संपत्ती तिला मिळेल, अशी अट घातली आहे. त्यांच्यापैकी ज्याच्यावर तिचा जीव आहे तो देखणा जॅक वेस्टरूदर, ती आपल्यासाठी थांबणारच या खात्रीने, बोलावूनही येत नाही. अपमानित किटी हिमवर्षावात घर सोडते, वाटेवरच्या एका खाणावळीत तिला दुसरा नातपुतण्या फ्रेडी स्टँडन भेटतो, आणि एक महिना लंडन पाहता यावे एवढ्यासाठी ती त्याला खोट्या वाङ्निश्चयाची गळ घालते.

प्रस्तुत लेखिकेने ही कादंबरी प्रथम वाचली ती मध्य मुंबईतील एका खासगी वाचनालयाच्या प्रतीत. ते वाचनालय अलीकडे बंद झाले आणि त्यातील पुस्तके किलोच्या भावाने गेली, हे कळल्यापासून त्या प्रतीतील एक पान मनातून हलत नाही. खाणावळीच्या प्रसंगाशेजारी, समासात, कोणा अनोळखी वाचकाने शिसपेन्सिलीने तीनच शब्द लिहिले होते: ‘कर याच्याशीच लग्न.’ कथा तेव्हा जेमतेम सुरू झालेली असते, फ्रेडीला कपड्यांच्या शिवणीखेरीज कशात गती असल्याचा पुरावा मिळालेला नसतो, आणि तरीही तो हात ठाम होता.

येथे कायद्याचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. इंग्लंडमध्ये १७५३ च्या विवाह कायद्यापूर्वी परस्परांना दिलेले विवाहवचन धर्मन्यायालयात बंधनकारक ठरू शकत असे. या कायद्याने ती वाट बंद केली. चर्चमधील जाहीर घोषणा किंवा धर्माधिकाऱ्याचा परवाना आवश्यक ठरला, आणि वचन मोडल्यास नुकसानभरपाईचा दिवाणी दावा तेवढा उरला. हा दावा १९७० च्या कायद्याने रद्द होईपर्यंत टिकून होता. कायद्याहून कडक होता तो सभ्यतेचा संकेत: ठरलेला विवाह स्त्रीने मोडला तर तिची चंचल म्हणून चर्चा होई, पण सभ्य पुरुषाला तो मोडण्याची मुभाच नव्हती. म्हणजे खाणावळीतील करारात सुटण्याची किल्ली एकट्या किटीच्या हाती होती, आणि फ्रेडीने ती कोणतीही हमी न मागता तिला दिली. समासातील वाचकाने बहुधा हेच हेरले असावे.

लेखिकेचे दुसरे वाचन तिच्या स्वतःच्या लग्नाची बोलणी चालू असतानाचे आहे, आणि त्या वेळी किटीचा महिना निराळाच दिसला. मध्यमवर्गीय मराठी घरांत साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या दिवसांत मुलीला जी मोकळीक मिळे, ती आधी मिळत नसे आणि नंतरही मिळत नसे. ‘तिचं ठरलंय’ एवढ्या वाक्यावर तिला संध्याकाळी उशिरा घरी येता येई, कोणी चौकशी करत नसे. हेयर यांनी ही मोकळीक अचूक ओळखली आहे. किटीला नवरा नको असतो. कोणाची तरी झाल्याशिवाय जग पाहण्याची परवानगी मिळत नाही, म्हणून ती ‘झाल्याचे’ सांगते.

फ्रेडी तिला लंडन दाखवतो. पार्लमेंटने १८१६ साली ३५,००० पौंडांना विकत घेतलेली पार्थेनॉनची शिल्पे ब्रिटिश म्युझियममध्ये पाहून तो मनापासून नाराज होतो, कारण मूर्ती फुटक्या आहेत. अशा प्रसंगांवरून त्याला विदूषक ठरवणाऱ्या वाचकांबद्दल लेखिकेच्या मनात जुना राग आहे. प्रेमाने सुधारणारा उनाड नायक शेकडो कादंबऱ्यांनी पूजला. कोणता परवाना कुठे लागतो, घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे ज्याला कळते त्याला मात्र दुय्यम जागा मिळाली. शेवटी गुप्त विवाहासाठी सारे जमतात, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपकडून मिळणारा, कुठेही व केव्हाही लग्न लावू देणारा खास परवाना आणायचे एकट्या फ्रेडीला सुचलेले असते. नायकत्वाची याहून भक्कम कसोटी लेखिकेला ठाऊक नाही.

तो विवाह किटीचा नसतो, आणि अलीकडच्या वाचनात लेखिका त्या दुसऱ्या जोडप्यापाशीच अधिक रेंगाळते. पेनिकुकचा आणखी एक नातपुतण्या, लॉर्ड डॉल्फिंटन हा मंदबुद्धी सरदार, आईच्या धाकात जगतो. आईचे ऐकले नाही तर आपल्याला कोंडून ठेवतील, ही त्याची भीती खरी आहे. त्याचे प्रेम व्यापारी घरातील, रूपाने साध्या हॅना प्लिमस्टॉकवर आहे, आणि त्यांना भेटता यावे म्हणून किटी त्याच्याबरोबर हिंडते, जेणेकरून तो किटीचीच मनधरणी करतो आहे असे आईला वाटावे. एका खोट्या साखरपुड्याच्या आडोशाने असे दुसरे नाटक चालते, आणि त्याच्या आत एक खरे वचन सांभाळले जाते. हॅना डॉल्फिंटनबद्दल स्पष्ट बोलते, त्याच्या बुद्धीविषयी तिचा कोणताही भ्रम नाही, त्याचा दर्जाही तिला हवा आहे हे ती लपवत नाही, आणि आयर्लंडमधील त्याच्या जमिनीवर त्याने घोडे पाळावेत, शांत राहावे, याचा बेत तिने आखलेला आहे. त्या संसाराची, त्या घोड्यांची आणि दारात कोणाची गाडी थांबली तरी न दचकणाऱ्या डॉल्फिंटनची कादंबरी हेयर यांनी लिहायला हवी होती.