ऊन फुकट, भांडवल नाही

शेअर बाजार आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. आमच्या चिखलीतही मोबाईलवर डिमॅट खाते उघडलेली पोरं सोयाबीनच्या भावाइतक्याच सहज सुझलॉन, इरेडा, टाटा पॉवर आणि ओएनजीसीचे भाव सांगतात. मुस्लीम घरांत या गप्पांना आणखी एक कारण आहे. मुदत ठेवीचे व्याज नको म्हणून अनेक कुटुंबे बचत सोन्यात नाहीतर प्लॉटमध्ये अडकवून ठेवतात. शेअर म्हणजे धंद्यातला हिस्सा. नफ्यात वाटा तसा नुकसानीतही. म्हणून हा मार्ग काहींना जवळचा वाटतो.

माझा भाचा एका अडत दुकानात हिशेब लिहितो. तीन वर्षांत त्याने दीड लाख साठवले. त्यातले एक लाख दोन वर्षांनी धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी लागणार आहेत. मागच्या महिन्यात तो म्हणाला, “मामू, सगळे पैसे सोलर आणि पवनचक्कीच्या शेअरमध्ये टाकतो. वीज कोणाला नको? सूर्य काय बंद पडणार आहे? आणि धंदाही नेक.”

त्याच्या म्हणण्यात दोन गोष्टी होत्या: विजेची गरज कायमची, म्हणून पैसा सुरक्षित, आणि वीज स्वच्छ, म्हणून कमाई चांगली. दोन्ही तपासून पाहण्यासारख्या आहेत.

आधी पहिली. तुलसी तांती यांनी १९९५ साली सुरू केलेली सुझलॉन ही पुण्यात मुख्यालय असलेली कंपनी. साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर तिने पवनचक्क्या उभ्या केल्या. तिचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ४५० रुपयांच्या पुढे होता. मार्च २०२० मध्ये तो दोन रुपयांच्या आसपास आला. या बारा वर्षांत पठारावरचा वारा थांबला नव्हता आणि विजेची मागणीही घटली नव्हती. घात केला तो कर्जाने. २००७ साली कंपनीने जर्मनीची रिपॉवर ही कंपनी घेतली, त्यासाठी मोठे कर्ज काढले. पाठोपाठ जगभर मंदी आली. २०१२ साली परकीय चलनातले रोखे मुदतीत फेडता आले नाहीत. २०१५ साली तीच जर्मन कंपनी विकावी लागली, २०२० साली कर्जाची फेररचना झाली. बोजा उतरत गेला तसा भावही वर आला आणि २०२४ मध्ये तो ८० च्या पुढे गेला. पण ज्याने २००८ मध्ये घेतला, त्याला हा ८० चा आकडा काय सांगणार?

वीजधंद्यात कर्ज इतके का, हे समजून घेतले पाहिजे. औष्णिक केंद्राला रोज कोळसा विकत घ्यावा लागतो. सौर प्रकल्पाला इंधन लागत नाही, पण पंचवीस वर्षांचा जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच वर्षी करावा लागतो. केंद्रीय वीज नियामक आयोग दर ठरवताना ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के स्वतःचे भांडवल असे प्रमाण धरतो. सौर कंपन्याही बहुतेक अशाच वाटेने उभ्या राहतात. वर विजेचा दर कराराने बांधलेला. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात तो युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत खाली गेला होता. दर वाढवता येत नाही आणि व्याज तर भरावेच लागते. वीज घेणार कोण, तर बहुतेक वेळा राज्यांच्या वितरण कंपन्या. त्यांची बिले इतकी थकत गेली की २०२२ साली केंद्राला हप्त्याने वसुलीचे नियम करावे लागले. शेतपंपाच्या थकबाकीवर आपल्याकडे दरवर्षी राजकारण होते. तिची झळ शेवटी शेअर घेणाऱ्यालाही लागते.

आता दुसरी गोष्ट, नेक कमाईची. मुंबई शेअर बाजाराने २०१० साली तासिस या संस्थेसोबत शरिया निर्देशांक सुरू केला. अशा निर्देशांकांची गाळणी साधारण एकसारखी असते. धंदा दारू, जुगार, व्याजाचा नसावा. व्याजी कर्ज मर्यादेत असावे. ही मर्यादा मंडळागणिक थोडी बदलते, पण एक तृतीयांशाच्या आसपास असते. व्याजाचे किरकोळ उत्पन्न आले, तर तेवढा हिस्सा दान करावा.

ही गाळणी लावली आणि भाच्याच्या यादीतली नावे गळू लागली. इरेडा तर पहिल्याच पायरीवर अडकली, कारण ही सरकारी कंपनी अक्षय ऊर्जेला कर्ज देते आणि तिची कमाई व्याजाची आहे. तिचा शेअर नोव्हेंबर २०२३ मध्ये ३२ रुपयांना विक्रीला आला, जुलै २०२४ मध्ये ३०० च्या पुढे गेला आणि पुढच्या वर्षी निम्म्याखाली उतरला. कर्जावर उभ्या असलेल्या काही वीज कंपन्याही गळाल्या. उलट, कर्ज कमी असलेली एखादी तेल कंपनी याच गाळणीतून सहज पार होऊ शकते. “म्हणजे मामू, धूर चालतो आणि ऊन चालत नाही?” भाच्याचा प्रश्न बरोबर होता.

तेलही काही भरवशाचे नाही. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकेत कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली गेला. २०२२ साली तेल महागले, तरी पंपावरचे दर न वाढल्याने हिंदुस्थान पेट्रोलियमला एप्रिल ते जून या तीनच महिन्यांत दहा हजार कोटींहून अधिक तोटा झाला.

माझे मत असे झाले आहे. कर्जाची अट ही केवळ धार्मिक बाब नाही. सुझलॉनचा इतिहास पाहिला तर ती कोणत्याही धर्माच्या माणसाने पाळावी अशी व्यवहाराची अट आहे. पण तीही डोळे झाकून पाळू नये. काही मंडळे कर्जाची तुलना शेअरच्या बाजारमूल्याशी करतात. त्यामुळे भाव वाढला की एक रुपया न फेडताही कंपनी गाळणीतून पार होते. म्हणून ताळेबंद स्वतः वाचावा.

भाच्याच्या पैशांचे आम्ही दोघांनी मिळून ठरवले. बहिणीचे एक लाख बाजारात जाणार नाहीत. प्रवेशाची तारीख शेअर वर येण्याची वाट पाहत नसते. उरलेल्या पन्नास हजारांतून, उधारी न घेता, ताळेबंद पाहून थोडे थोडे. तो पूर्ण खूश नाही. तोवर भाव हातचा जाईल, असे त्याला वाटते.

एक प्रश्न मात्र आपल्या उलेमांसमोर आणि अर्थतज्ज्ञांसमोर ठेवावासा वाटतो. गाळणी कर्जाबद्दल विचारते, धुराबद्दल का नाही? जमीन आणि पाणी ही अमानत आहे, असे आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. चिखलीचा शेतकरी, मग तो कोणत्याही धर्माचा असो, पावसाच्या भरवशावर जगतो. सोयाबीन काढणीच्या वेळी कोसळणारा पाऊस त्याच्या घरातल्या फीचे पैसे घेऊन जातो. व्याज का वाईट, तर त्यात दुसऱ्याच्या अडचणीतून कमाई होते. मग ज्या कमाईने दुसऱ्याचे पीक धोक्यात येते, तिचाही हिशेब याच वहीत मांडायला हवा.