टाळ्या आणि बातमी

५ नोव्हेंबर २००९. हैदराबादला ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३५१ धावांचं लक्ष्य, सचिनच्या १७५ धावा आणि तरी आपण ३ धावांनी हरलो. दुसऱ्या दिवशी टीव्हीवरची बातमी ऐकून बाबा म्हणाले, “प्रभाष जोशी गेले रे.” तो सामना बघितल्यावर त्याच रात्री त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता.

आमच्या इंदूरच्या घरात ते नाव घरातलंच. ‘नई दुनिया’पासून सुरुवात करून ते ‘जनसत्ता’चे संस्थापक संपादक झाले. ‘कागद कारे’ हे त्यांचं सदर बाबा नेमाने वाचायचे. क्रिकेटचं वेड त्यांनी कधी लपवलं नाही.

मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो आणि एका स्थानिक दैनिकाला क्लब क्रिकेटच्या बातम्या द्यायचो. मानधन पेट्रोलपुरतं, पण मजा भरपूर. त्याच हिवाळ्यात एका अंतिम सामन्यात माझा जिवलग मित्र ६८ धावा करून सामनावीर ठरला. वीसवर असताना तो स्वच्छ धावबाद होता. मी समोरच उभा होतो. अंपायरनी नाबाद दिलं आणि मी टाळ्या वाजवल्या. बातमीत त्याच्या खेळीचं रसभरित वर्णन केलं, धावबादचा उल्लेख गाळला.

दोन दिवसांनी हरलेल्या संघाचे कोच मैदानावर भेटले. शांतपणे म्हणाले, “आप तो वहीं खड़े थे ना?” त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. पुढच्या सामन्यात मित्राने सोपा झेल सोडला, तो मी लिहिला. मित्र दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

प्रेस बॉक्समध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा जुना संकेत आहे. मलाही तेव्हा वाटलं, आवड बाजूला ठेवली की झालं. पण मग प्रभाषजींचं काय? सचिनवर जीव टाकणाऱ्या याच माणसाने २००९च्या निवडणुकीत पैसे घेऊन उमेदवारांच्या जाहिराती बातम्या म्हणून छापणाऱ्या वृत्तपत्रांविरुद्ध, म्हणजे आपल्याच व्यवसायाविरुद्ध आघाडी उघडली. त्यांचं प्रेम कुठे आहे हे वाचकाला ठाऊक होतं, त्यामुळे तो त्यांचं लिखाण तेवढं जोखून घेऊ शकत होता. माझ्या वाचकाला मात्र मी कोणाचा मित्र आहे आणि काय पाहिलं, यातलं काहीच कळलं नव्हतं.

आता नोकरी सॉफ्टवेअरची, हौस मात्र तीच. गणेशोत्सवातल्या एकांकिकेचा वृत्तान्त यंदा माझ्याकडे आला. नायिका होती माझी बायको. पहिल्याच ओळीत मी ते सांगून टाकलं. तिच्या शेवटच्या प्रवेशाचं मनापासून कौतुक केलं आणि मधे ती दोन वाक्यं विसरली, हेही लिहिलं.

त्या रात्री जेवण मिळालं. वरण जरा अळणी होतं, पण मी काही बोललो नाही. ती काही बातमी नव्हती!