आईची खोली आणि डाळिंबी भिंत

घराला रंग देताना आपण तो नक्की कुणासाठी देतो? प्रश्न बिनकामाचा वाटेल, पण जरा आठवून बघा. क्रीम, ऑफ-व्हाइट, बिस्किटी हे रंग कुणाला मनापासून आवडले म्हणून भिंतीवर लागले, असं मी तरी फारसं बघितलेलं नाही. ते लागतात कारण उजेड राहतो, उद्या घर भाड्याने द्यायचं झालं तर बरं, आणि मुख्य म्हणजे कुणी काही बोलत नाही. क्रीम रंगावरून कुठल्या घरात भांडण झालंय का कधी?

म्हणूनच मागच्या वर्षी दसऱ्यानंतर आमच्या नागपूरच्या घराचं रंगकाम काढलं, तेव्हा आईच्या खोलीला क्रीम लागणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाबा २०२१ मध्ये गेले. तेव्हापासून ती खोली तिची एकटीची. रंगाऱ्याने वही काढून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माझ्या खोलीला गुलाबी. आणि एक भिंत लाल."

रंगारी पंचवीस वर्षं या धंद्यात मुरलेला. तो म्हणाला, "बाप्पा! काकू, लाल लावून राहिले? उन्हाळ्यात भट्टी होऊन जाईल ना खोलीची!"

नागपुरात हे वाक्य कुठलाही बेत मोडायला पुरेसं असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पश्चिमेची भिंत रात्री जेवणं झाली तरी हाताला गरम लागते, आणि कूलरसमोरची जागा कुणाची यावर घरात राजकारण चालतं. पण भिंत तापते ती बाहेरून. उन्हाचा मारा बाहेरच्या गिलाव्यावर आणि गच्चीवर होतो, म्हणून पांढरा रंग खरा उपयोगी तिथे. गच्चीवर चुना मारण्यामागे हेच शहाणपण आहे. आतल्या भिंतीला लाल लावा की पांढरा, खोलीच्या तापमानात जाणवेल असा फरक पडत नाही. फरक पडतो तो उजेडात. गडद लाल भिंत पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परत देते, फिका गुलाबी निम्म्याच्या आसपास. म्हणजे चारही भिंती लाल केल्या तर दिवसाही दिवा लावावा लागेल. एक लाल आणि तीन गुलाबी, हा आईचा हिशोब या दृष्टीने अगदी चोख होता.

मग शेडकार्ड आलं. शेकडो चौकोन आणि प्रत्येकाखाली इंग्रजी नाव नि नंबर. आईने ती नावं वाचलीच नाहीत. ती आपली बोट ठेवत गेली: "हा राणी. हा अबोली. हा गाजरी. हा आमसुली, नको. हा कुंकवाचा, फार भडक." आपल्या बायकांकडे रंगांची केवढी मोठी डिक्शनरी असते आणि ती सगळी साड्यांच्या कपाटातून आलेली असते, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. भिंतींची डिक्शनरी मात्र आपल्याकडे फार छोटी होती. चुन्यात बहुतेक रंग टिकत नाहीत, चुना ते खाऊन टाकतो. टिकतात ते गेरू, पिवडी, नीळ असे मोजके. म्हणून जुन्या घरांच्या भिंती बघा, निळसर, पिवळट किंवा गेरूच्या. डाळिंबी भिंत आपल्या आज्यांना मागूनही मिळाली नसती.

शेवटी आईने कपाटातून एक साडी काढली. डाळिंबी करवतकाठी, आपल्या विदर्भातल्या विणकरांची टसर, काठावर करवतीचे दाते. ती घेऊन आम्ही रंगाच्या दुकानात गेलो. हल्ली दुकानांत रंग जुळवणारं यंत्र असतं. कापडाच्या तुकड्यावर ठेवलं की ते प्रकाश टाकून मोजतं आणि कुठल्या डब्यात कुठला रंग किती थेंब टाकायचा ते सांगतं. पण टसरला चमक असते, धाग्याधाग्यात उजेड हलतो. यंत्राला तो हलता रंग कळत नाही, ते आपली सरासरी काढतं. जे आलं ते साडीपेक्षा थोडं मुकं होतं. आई म्हणाली, "चालेल. भिंत काय पदर घेऊन फिरणार आहे?"

ही साडी तिने बाबा गेल्यापासून नेसलेली नाही. कुंकूही लावलेलं नाही. आमच्या घरात तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं, बांगड्या फोडणं वगैरे प्रकार तर झालेच नाहीत. ते आपोआप झालं. रूढीचं हेच तर विशेष आहे, तिला कुणी हुकूम सोडावा लागत नाही. कपाटाचा एक कप्पा उघडेनासा होतो, एवढंच.

रंगकाम चालू असताना आत्या आली. भिंतीवर तीन-चार नमुने लावलेले बघून थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "वहिनी, आता हे रंग कशाला गं?" त्या "आता" मध्ये सगळं आलं. आत्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला काळजी होती ती लोक काय म्हणतील याची.

आई म्हणाली, "ताई, भिंतीला लावतेय हो. कपाळाला नाही."

आत्या हसली आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र राहिला.

कारण लाल रंग सौभाग्याचा, हे आपण जितकं ठाम समजतो तितकं ते ठाम कधीच नव्हतं. आपल्या नवरीचं परंपरेचं वधूवस्त्र पिवळं. आणि ज्या काळी ब्राह्मण घरांत विधवांचं केशवपन होत असे, त्या काळी त्या बाईने आयुष्यभर नेसायचं ते आलवण कसल्या रंगाचं होतं? लालच! म्हणजे एकाच रंगाने एका बाईचं कपाळ भरलं आणि दुसरीचं आयुष्य झाकलं. रंगाने काहीच ठरवलं नाही. ठरवलं माणसांनी, आणि मग बोट रंगाकडे दाखवलं.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला: कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला, त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षांनी! मोठं काम केलं त्या गावाने. पण न उघडणाऱ्या कप्प्याबद्दल कुठली ग्रामसभा ठराव करणार? ते ज्याचं त्यालाच, आपल्या सोयीने, आपल्या वाटेने उघडावं लागतं. आईला वाट सापडली ती भिंतीतून.

असो. कुणाला असं काही करायचं असेल तर थोडं कामाचं बोलतो.

कार्डावरचा रंग भिंतीवर नेहमी गडद दिसतो, कारण एका भिंतीचा उजेड दुसरीवर पडतो आणि रंग रंगाला चढवतो. त्यामुळे गुलाबी एक पायरी फिकाच निवडा. दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना लावून, वाळू देऊन, सकाळी, चार वाजता आणि रात्री दिव्यात बघा. पांढऱ्याशुभ्र एलईडीत आमचा अबोली जांभळट, आजारी दिसायला लागला. पिवळसर उजेडाचा दिवा लावला आणि तो पुन्हा माणसात आला. अंधार पडू लागला की लाल सगळ्यात आधी काळपटतो, तेही बघून ठेवा. गडद लालच्या डब्यात पांढरा रंग जवळजवळ नसतो, म्हणून तो नीट झाकत नाही आणि हातावर हात मारावे लागतात. आमच्या रंगाऱ्याने उरलेला गुलाबी खाली अस्तर म्हणून मारला आणि वर लालचे तीन हात. खिडक्यांचा जुना ऑइलपेंट घासायचा असेल तर पाणी लावून घासा आणि लहान मुलांना लांब ठेवा. पूर्वीच्या भडक लाल-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. घरगुती रंगांत त्याला ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली.

आणि लाल रंगाने डोकं तापतं, गुलाबीने शांत होतं, असं सांगणारे भेटतील. १९७९ मध्ये अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एका कोठडीला गुलाबी रंग देऊन कैदी शांत होतात असा गाजावाजा झाला होता. पुढे लोकांनी नीट तपासलं, तर तसं काही हाती लागलं नाही.

आईची लाल भिंत पूर्वेची आहे. पलंगामागे लावा, असं सगळ्यांनी सुचवलं होतं. तिने ऐकलं नाही. "मागे लावून मला काय दिसणार?" दुपारी चारनंतर पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट त्या भिंतीवर येतं, आणि तेवढा अर्धा तास तो मुका रंग जवळजवळ टसरसारखा दिसतो. आई तेव्हा चहा घेऊन तिथेच बसते.

यंदा दिवाळीआधी बैठकीची खोली रंगवायची आहे. तिथे कुठला रंग, यावर अजून कुणी तोंड उघडलेलं नाही. आई सोडून.