मालकी आणि मुक्काम

नेरखा, दक्षिण स्पेन
कार्तिक शुद्ध पंचमी

चि. बाळ यास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. निवृत्तीनंतर लंडनच्या काळोख्या हिवाळ्याला रामराम ठोकावा, ऑक्टोबर ते मार्च हे सहा महिने आमच्याप्रमाणे भूमध्य समुद्राकाठी काढावेत आणि त्यासाठी येथे एखादी सदनिका विकत घ्यावी, हा तुझा आणि वहिनींचा बेत मी तुझ्या भावजींना दोनदा वाचून दाखवला. आपण भावंडे म्हातारपणी पुन्हा एका गावात येणार, याहून मोठे सुख मला ठाऊक नाही. आणि ते सुख पक्क्या पायावर उभे राहावे, म्हणूनच बयाणा देण्यापूर्वी हे पत्र नीट वाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या घरात मालकी आणि मुक्काम या दोन गोष्टी कधी वेगळ्या मानल्या गेल्या नाहीत. दादांनी खरेदीखत ट्रंकेच्या तळाशी रेशमी फडक्यात बांधून ठेवले होते, आणि ते तेथे आहे तोवर या घरातून आपल्याला कोणी ऊठ म्हणणार नाही, हा विश्वास आपण आईच्या दुधाबरोबर घेतला. परदेशातील घराच्या बाबतीत मात्र हा विश्वास अपुरा पडतो. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटिश पारपत्र हीच युरोपीय संघात कोठेही राहण्याची सनद होती. आम्ही २०१७ साली आलो ते त्या सनदेवर, आणि त्या तारखेपूर्वी आमचे वास्तव्य येथील दफ्तरी नोंदलेले असल्यामुळे ब्रिटनच्या युरोपीय संघातून माघारीच्या करारान्वये आमचा हक्क अबाधित राहिला. तुझ्या हाती ते पारपत्र आहे, परंतु ती सनद आता उरलेली नाही. कोणत्याही १८० दिवसांच्या अवधीत तुला येथे फक्त ९० दिवस राहता येईल, आणि वाटेत पॅरिसमध्ये घालवलेले चार दिवसही त्याच हिशेबात धरले जातील. खरेदीखत तुझ्या नावाचे असो, घरपट्टी तू वेळेवर भरलेली असो, एक्क्याण्णवाव्या दिवशी तू आपल्याच घरात बेकायदेशीर ठरशील. तुझा सहा महिन्यांचा संकल्प नेमका येथे अडतो.

यावर उपाय नाही असे नाही. नोकरी-व्यवसाय न करता येथे राहू इच्छिणाऱ्यांसाठी वास्तव्याचा परवाना मिळतो. त्यासाठी अर्जदाराचे दरमहा २,४०० युरो आणि पत्नीचे आणखी ६०० युरो उत्पन्न दाखवावे लागते, शिवाय आरोग्याचा पूर्ण विमा लागतो. पाच लाख युरोंची मिळकत घेणाऱ्याला मिळणारा परवाना मात्र ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे, तेव्हा घर घेतले म्हणजे परवाना मागोमाग येईल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नकोस. आणि वर्षात १८३ दिवसांहून अधिक काळ येथे राहिलास, तर तुझ्या साऱ्या जगातील उत्पन्नावर येथील सरकार कर आकारील. परदेशातील स्थावराची किंमत ५० हजार युरोंपलीकडे गेली तर त्याचे वेगळे विवरण द्यावे लागते, आणि तुझी कोथरूडची सदनिका त्यात निश्चित येईल. ती लपवण्याचा विचारही मनात आणू नकोस.

म्हणून माझे पहिले सांगणे असे, की आधी भाड्याने राहा, आणि तेही हिवाळ्यात. आम्ही आलो तेव्हा सप्टेंबरचे ऊन होते. भाड्याने घेतलेले घर उत्तराभिमुख होते, आणि त्या उन्हात त्याची सावली आम्हाला वरदानच वाटली. जानेवारीत त्याच घराच्या फरशीवर पाय ठेववेना, कपाटामागची भिंत बुरशीने काळवंडली, सज्जाच्या लोखंडी कठड्याचे पोपडे खाऱ्या वाऱ्याने हाताला येऊ लागले. या किनाऱ्यावरची जुनी घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली, त्यांत उष्णतेची सोय बहुधा नसते, हे ज्ञान आम्हाला एका वर्षाच्या भाड्यात मिळाले. विकत घेतले असते तर तेच ज्ञान जन्मभर भोगावे लागले असते.

येथील १९९४ चा भाडेकायदा भाडेकरूच्या बाजूने बराच उदार आहे. मालक खाजगी व्यक्ती असेल, तर कायम वास्तव्याच्या घरात भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क पोचतो. अनामत एका महिन्याची, आणि सहा महिने झाल्यावर ३० दिवसांची आगाऊ सूचना देऊन घर सोडता येते. तथापि आपल्याकडच्यासारखाच अकरा महिन्यांचा हंगामी करारही येथे सर्रास होतो, आणि त्याला हे संरक्षण नाही. तू खरोखरच हंगामापुरता येणार असलास तर तो करार रास्त आहे. कायम राहणाऱ्याने मात्र त्यावर सही करण्यापूर्वी दहादा विचार करावा.

आता आमची एक चूक सांगते. येथून वर डोंगराच्या कुशीत एक पांढरेशुभ्र घर आम्ही पाहिले. अंगणात बदामाची झाडे, त्यांच्या फांद्यांमधून दिसणारा समुद्र. मध्यस्थाने घाई केली आणि आम्ही त्याच संध्याकाळी तीन हजार युरो देऊन बसलो. पुढे आम्ही स्वतःचा वकील नेमला, त्याने मिळकतींच्या नोंदणी-दफ्तरातून ‘नोता सिंप्ले’ नावाचा उतारा काढला आणि आमच्यापुढे ठेवला. आपल्या सातबाऱ्यासारखाच तो कागद: मिळकतीचे वर्णन, मालकाचे नाव, आणि आपण ‘इतर हक्क’ या रकान्यात पाहतो तसे बोजे. वर्णनात लिहिले होते, बदामाची झाडे असलेली कोरडवाहू जमीन आणि अवजारे ठेवण्याची एक खोली. ज्या घराच्या ओट्यावर आम्ही सरबत घेतले होते, ते घर त्या कागदावर नव्हतेच. ते परवानगीवाचून उभे होते. आम्ही माघार घेतली. पैसे गेले ते गेले.

अशा घरांची कथा या अंदालुसिया प्रांतात मोठी आहे. जानेवारी २००८ मध्ये अल्मेरियातील वेरा येथे एका वृद्ध ब्रिटिश दांपत्याचे घर त्यांच्या डोळ्यांदेखत पाडले गेले, आणि त्यांच्याजवळ तर नगरपालिकेचा परवाना होता. तो परवानाच वरिष्ठ शासनाने रद्द करवला होता. तेव्हा वकील आपला, स्वतंत्र, विक्रेत्याशी किंवा मध्यस्थाशी लागाबांधा नसलेला असावा. इसाराचा करार त्याने वाचल्याखेरीज करू नकोस: इसार बहुधा किमतीच्या दहा टक्के असतो, खरेदीदार फिरला तर तो बुडतो, विक्रेता फिरला तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. इमारतीच्या सामाईक खर्चाची बाकी नाही, असा दाखलाही माग. कारण चालू वर्षाची आणि मागील तीन वर्षांची थकबाकी नव्या मालकाच्या मिळकतीवर चढते. किमतीवर अंदालुसियात सात टक्के हस्तांतरण-कर पडतो, तोही आधीच हिशेबात धर.

या साऱ्या खबरदारीपलीकडे एक गोष्ट मला मनापासून सांगावयाची आहे. २०२४ च्या जूनमध्ये मालागाच्या रस्त्यांवर हजारो माणसे उतरली. आपल्याच गावात आपल्याला भाड्याचे घर मिळत नाही, ही त्यांची तक्रार होती, आणि ती खरी आहे. आमच्या इमारतीचा जिना पुसणाऱ्या बाईंचा मुलगा लग्न होऊनही अद्याप आईच्याच घरी राहतो. वर्षातून तीन महिने उघडणारे आणि नऊ महिने पडदे ओढून बसणारे घर घेणे कायद्याने गुन्हा नाही, परंतु त्या बाईंच्या डोळ्याला डोळा देऊन आपण ते घेऊ शकू काय, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपण एका देशात परके म्हणून भाड्याच्या एका खोलीत आयुष्य आरंभले; घर न मिळण्याचे दुःख आपल्याला कोणी समजावून सांगावे लागू नये.

म्हणून तूर्त खरेदीचा विचार बाजूस ठेव. येत्या पौषात या, भाड्याच्या घरी राहा, दिवसांची मोजणी आपण दोघे मिळून करू. एक्क्याण्णवाव्या दिवसाची पहाट येण्याआधी तुम्ही लंडनला परत गेलेले असाल, आणि हा गाव आपला वाटतो की नाही, हे तोवर तुम्हाला पुरते कळलेले असेल. वाटला, तर परवान्याचा अर्ज आधी आणि घर नंतर. येथून जवळच वेलेस-मालागाच्या आसपास आंब्याच्या बागा आहेत. फळ सप्टेंबरात उतरते, हापूसची सर त्याला नाही, पण कोकणाबाहेर इतक्या दूर आंब्याला मूळ धरताना पाहून मला धीर येतो. त्या बागांतली रोपेही आधी मांडवाखाली वाढवतात, आणि मुळे सशक्त झाल्यावरच जमिनीत लावतात.

वहिनींना आशीर्वाद, मुलांना गोड पापे. भावजी तुमची वाट पाहत आहेत.

तुझी,
ताई